फितीवरून तबकडीवर

ज्या घरांत १९८५ ते २००५ या वीस वर्षांत लग्नकार्ये, मुंजी, बारशी अगर नामकरणविधी झाले, त्यांपैकी पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणात काळ्या रंगाच्या, पुस्तकाएवढ्या, आयताकृती पेट्या अद्याप पडलेल्या आढळतात. त्यांवर कागदाची चिठ्ठी असते व तीवर ‘दादाचे लग्न’ किंवा नुसते ‘लोणावळा’ एवढेच लिहिलेले असते. आमच्या लहान वाचकांपैकी बहुतेकांनी या पेटीतील चित्र कधीच पाहिलेले नसेल. कारण ती ज्या यंत्रात घालून पाहावयाची, ते यंत्र एक तर घरातून गेले असेल, अगर असूनही बंद पडले असेल. ही पेटी म्हणजे व्हिडिओ कॅसेट होय. तिच्यातील चित्र व आवाज डी.व्ही.डी. नावाच्या तबकडीवर कसे उतरवून घ्यावेत, ते करताना कोठे सांभाळावे, आणि हे काम पुढील वर्षावर का टाकू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या पेटीत आहे तरी काय, ते पाहू. व्ही.एच.एस. जातीची कॅसेट जपानातील जे.व्ही.सी. या कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. तिच्या आत अर्धा इंच रुंदीची एक लांबलचक फीत दोन रिळांवर गुंडाळलेली असते. फितीचे अंग पॉलिएस्टरचे असून जाडी सुमारे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तिच्या एका बाजूस लोखंडाच्या भस्माची, म्हणजे ऑक्साइडची, अतिसूक्ष्म पूड एका चिकट द्रव्यात कालवून लेपलेली असते. या पुडीचा प्रत्येक कण एक लहानसे लोहचुंबक आहे असे समजावे. चित्र आणि आवाज यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करून त्या लहरींनी या कणांची दिशा फिरवावयाची, यासच मुद्रण म्हणतात. आणि फिरलेल्या कणांवरून पुन्हा त्याच लहरी उपजवावयाच्या, यास वाचन म्हणावे. आवाजापुरती ही युक्ती जुनीच आहे. डेन्मार्कच्या पॉल्सेन नामक संशोधकाने १८९८ साली पोलादी तारेवर मनुष्याचा आवाज मुद्रित केला होता.

परंतु चित्राचे काम आवाजाहून फार अवघड. चित्रातील लहरी इतक्या वेगवान असतात की त्या टिपण्यासाठी फीत मुद्रकाच्या टोकावरून सेकंदास कित्येक मीटर वेगाने धावली पाहिजे. आता आमच्या विद्यार्थ्यांनी पुढील गणित करून पाहावे. आपल्याकडील व्ही.एच.एस. यंत्रात फितीचा टोकाशी सापेक्ष वेग सेकंदास सुमारे ४.८५ मीटर पडतो. टोक स्थिर ठेवून तीन तासांची कॅसेट करावयाची झाल्यास किती फीत लागेल? तीन तासांचे सेकंद १०,८००, त्यांस ४.८५ ने गुणता ५२ किलोमीटरांहून अधिक! म्हणजे फितीचे एक टोक बोरीबंदरास धरले तर दुसरे जवळजवळ कल्याणास पोहोचेल. एवढी फीत कोणत्या पेटीत मावणार?

यावर तंत्रज्ञांनी जी तोड काढली तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांनी फीत सावकाश चालविली आणि टोकच फिरते केले. यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका ढोल असतो. त्याच्या कडेस समोरासमोर दोन टोके बसविलेली असून ढोल सेकंदास २५ फेरे घेतो. फीत त्या ढोलास अर्धा वळसा घालून सेकंदास अवघी २३ मिलिमीटर सरकते, आणि टोके तिच्यावर तिरप्या, अगदी केसाहून बारीक रेघा ओढीत जातात. प्रत्येक रेघेत अर्धे चित्र. दोन रेघा मिळून एक पुरे चित्र. सेकंदास २५ चित्रे. अशा रीतीने ५२ किलोमीटरांचे काम सुमारे २५० मीटरांत भागले.

ही रचना इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण, कॅसेटीचे बहुतेक सर्व रोग तीतूनच उद्भवतात. फीत प्रत्येक वेळी लावली की तो ढोल तिच्या लेपावरून वेगाने घासत जातो. लेप धड असेल तर ते घर्षण सोसते. परंतु ज्या चिकट द्रव्याने पूड धरून ठेवली आहे, ते हवेतील दमटपणा शोषून हळूहळू विरते. मग फीत चिकट होते, तिची पूड सुटून टोकांच्या फटींत भरते, आणि पडद्यावर चित्राऐवजी पांढरे ठिपके व पट्टे दिसू लागतात. मुंबई व कोकण या भागांत चार महिने पावसाळा असल्याने आणखी एक शत्रू येऊन मिळतो, तो म्हणजे बुरशी. फितीच्या गुंडाळीवर पांढुरके, कापसासारखे डाग दिसले तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट यंत्रात घातली तर ती स्वतः खराब होतेच, शिवाय यंत्राच्या ढोलास बुरशी फासून त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटीसही तोच प्रसाद देते.

यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी येईल, व आमच्या मते या विषयात हीच मुख्य होय. वीस-तीस वर्षे न लावलेली कॅसेट ‘जरा चालते का पाहू’ म्हणून सहज लावून पाहू नये. ती आता जी पहिल्याने लागेल, तीच खेप कदाचित तिची शेवटची ठरेल. यास्तव सर्व तयारी आधी करावी, उतरवून घेण्याचे यंत्र जोडून चालू करावे, आणि मगच फितीस हात घालावा. म्हणजे पाहणे व उतरविणे एकाच खेपेत होते.

दुसरी अडचण यंत्राची. जपानातील फुनाई ही कंपनी व्ही.सी.आर. करणारी जगातील शेवटची म्हणून ओळखली जात होती. तिनेही २०१६ च्या जुलै महिन्यात हे काम थांबविले. म्हणजे आज जी यंत्रे आहेत ती सारी जुनी. त्यांचे रबरी पट्टे सैल झालेले, सुटे भाग मिळत नाहीत, आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही म्हातारे होत चालले आहेत. कॅसेट शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र न उरणे, हा धोका आम्हांस फीत खराब होण्याइतकाच मोठा वाटतो. मोडी लिपी वाचणारा कोणी न उरल्यास दप्तरातील कागद धड असून काय उपयोग?

हे केवळ घरगुती वस्तूंचेच झाले आहे असे नाही. हिंदुस्थानातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्या काळी त्यास लोटलेली गर्दी इतिहासात नमूद आहे. परंतु आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच काय तो उरला आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळसा ठेवा नाहीसा झाला होता. चित्रपटाच्या निदान अनेक प्रती निघत असत. तुमच्या आजोबांच्या साठीशांतीची कॅसेट मात्र जगात एकच आहे.

आता कृतीकडे वळू. प्रथम कॅसेटीच्या पाठीवरील लहानशी प्लास्टिकची जीभ मोडलेली आहे की नाही ते पाहावे. ती शाबूत असल्यास चुकून मुद्रणाचे बटण दाबले जाऊन जुने चित्र पुसले जाण्याचा संभव असतो. ती मोडून टाकली की हे भय राहत नाही. घरच्या कॅसेटीवर क्रिकेटचा सामना मुद्रित झाल्याच्या कहाण्या कोणी ऐकल्या नाहीत? नंतर बाजूची कळ दाबून समोरील झाकण किंचित उचलावे व फीत डोळ्यांनी तपासावी. बोट मात्र लावू नये. बुरशी दिसल्यास, कुबट वास आल्यास, अगर फीत चुरगळलेली असल्यास ती कॅसेट वेगळी काढून जाणत्या कारागिराकडेच द्यावी. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली कॅसेट तशीच लावू नये. थंड लोट्यावर जसे पाणी सुटते तसे ढोलावर दव धरते व फीत त्यास चिकटते. दोन-तीन तास ती खोलीत राहू द्यावी. जी फीत धडधाकट दिसते ती एकदा पुढे टोकापर्यंत व पुन्हा मागे गुंडाळून घेतल्यास तिचा ताण सारखा होतो.

यंत्राचा ढोल साफ करणे हे काम वडील माणसांनी करावे. त्यास आयसोप्रोपाइल अल्कोहोल व मऊ चामड्याचा तुकडा लागतो. कापसाची काडी वापरू नये, तिचे तंतू टोकांत अडकतात. आणि पुसणे ते आडवे, ढोलाच्या फिरण्याच्या दिशेने. उभे पुसल्यास टोक तुटते आणि मग सारेच आटोपले.

जोडणी सोपी आहे. यंत्राच्या पाठीमागे तीन रंगांची भोके असतात: पिवळे चित्राचे, पांढरे डाव्या आवाजाचे, तांबडे उजव्या आवाजाचे. तेथून तीन तारा निघून संगणकास जोडावयाच्या एका लहानशा उपकरणात जातात. हे उपकरण फितीवरील लहरींचे अंकांत रूपांतर करते. पूर्वी कॅसेट व तबकडी दोन्ही चालविणारे जोडयंत्र मिळे, एक बटण दाबले की काम होई. ते हल्ली जुन्या बाजारातच मिळते. आमचा कल संगणकाकडे आहे. जोडयंत्रात उतरलेले चित्र थेट तबकडीत जाऊन बसते. संगणकावर ते आधी फाइलीच्या रूपाने हाती येते, व त्या फाइलीवरून पुढे पाहिजे तितक्या तबकड्या करता येतात.

अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेली कॅसेट असेल तर एक गोष्ट पाहावी. आपल्याकडील पद्धतीस पाल म्हणतात. तीत चित्राच्या ६२५ ओळी असतात व सेकंदास ५० अर्धचित्रे पडतात. अमेरिकेतील पद्धत एन.टी.एस.सी.; तीत ५२५ ओळी व सुमारे ६० अर्धचित्रे. दोन्ही वाचणारे यंत्र नसल्यास चित्र काळेपांढरे, नाचरे दिसते. तेवढ्यावरून कॅसेट बिघडली असे समजू नये. १९९५ नंतर निघालेल्या मिनी-डी.व्ही. जातीच्या चिमुकल्या कॅसेटींची गोष्ट निराळी. त्यांवर मुळात अंकच लिहिलेले असल्यामुळे योग्य तारेने ते अंक जसेच्या तसे संगणकात घेता येतात. काहीही उणे होत नाही.

वेळेचा हिशेब मात्र चुकत नाही. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात, घाई करण्याची सोय नाही. दहा कॅसेटी असतील तर दिवाळीची सुटी हाती घ्यावी. मध्येच चित्र स्थिर करण्याचे बटण दाबून ‘ही कोण?’ म्हणून पाहत बसू नये. त्या वेळी टोके फितीच्या एकाच जागी घासत राहतात.

आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण लोक चित्राकडे पाहतात व आवाज विसरतात. मनुष्याचा चेहरा छायाचित्रात राहतो; आवाज दुसरीकडे कोठेच राहत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी १९९१ सालच्या बारशाची कॅसेट होती. ती उतरविताना मागील खोलीतून पाळणा म्हणणाऱ्या बाईंचा आवाज आला. त्या स्वतः चित्रात कोठेही नाहीत. मुलाच्या आजोबांनी तो आपल्या आईचा म्हणून तत्काळ ओळखला. पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या त्या माउलीचा दुसरा कोणताही मुद्रित आवाज त्या घरी नव्हता. कॅसेटीवरील चिठ्ठीत तिचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

दुर्दैवाने लग्नाच्या कॅसेटींत असे आवाज बहुधा सापडत नाहीत. त्या काळच्या छायाचित्रकारांची अशी रीत होती की, मूळ आवाज काढून टाकून त्याजागी चित्रपटातील गाणी भरावयाची. मंगलाष्टके, हसणे, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद सारे त्या गाण्यांखाली गेले. आम्हांस ही रीत कधीच रुचली नाही. तथापि दोन उपाय करून पाहण्याजोगे आहेत. एक, छायाचित्रकाराने घरी दिलेली कॅसेट ही पुष्कळदा जोडून केलेली प्रत असते. कॅमेऱ्यातील मूळ कॅसेटही त्याने दिली असेल तर ती शोधावी, तीत खरा आवाज असतो. दुसरा उपाय थोडा गमतीचा आहे. व्ही.एच.एस. फितीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो: एक फितीच्या कडेस, साध्या पट्टीत; दुसरा, यंत्र हाय-फाय असल्यास, चित्राच्याच खाली. मुद्रण झाल्यावर मागाहून भरलेला आवाज फक्त कडेच्या पट्टीत बसतो, चित्राखालील तसाच राहतो. यास्तव मूळ फीतच हाती असेल व मुद्रण हाय-फाय असेल, तर वाचनयंत्रावरील बटण हाय-फायकडे फिरविताच गाणे जाऊन माणसे बोलू लागतात. हा योग क्वचित येतो. पण बटण फिरवून पाहण्यास काय जाते?

आता तबकडी. डी.व्ही.डी.चा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर, ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून ती केलेली असते. घरी लिहिता येणाऱ्या तबकडीत या चकत्यांमध्ये एका रंगद्रव्याचा थर असतो. लेझरचा तांबडा किरण त्यात जळके ठिपके पाडतो, आणि वाचताना तसाच किरण ते ठिपके ओळखतो. ठिपक्यांची ओळ मधून कडेकडे नागमोडी नव्हे, तर चकलीसारखी वेटोळी जाते. ती उलगडली तर सुमारे १२ किलोमीटर भरेल. येथे काहीही काहीस घासत नाही, हा फितीहून मोठा फायदा. शिवाय पाहिजे त्या प्रसंगावर एकदम जाता येते, गुंडाळत बसावे लागत नाही.

साध्या तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांचे चित्र तीत चांगले बसते; तीन तासांचे बसविल्यास हलत्या आकृतींच्या कडा चौकटी-चौकटीच्या दिसू लागतात; चार तासांचे कोंबल्यास चेहरे मेणाचे होतात. एका पालकांनी आम्हांस सांगितले की, त्यांनी चार कॅसेटी एका दुकानात दिल्या व दुकानदाराने त्या सर्व एकाच तबकडीत उतरवून, वर फिती निरुपयोगी म्हणून टाकूनही दिल्या. पैसे वाचले, परंतु पुन्हा चांगली प्रत करण्याचा मार्ग बंद झाला. यास्तव काम बाहेर देणाऱ्यांनी दोन अटी आधीच घालाव्या: एका तबकडीत दोन तासांहून अधिक नको, आणि मूळ कॅसेटी परत पाहिजेत. बाजारातून विकत घेतलेल्या चित्रपटांच्या कॅसेटी या कामात आणू नयेत. त्यांवर १९५७ च्या कायद्याने दुसऱ्याचा हक्क आहे, व त्यांपैकी पुष्कळांत नक्कल बिघडविणारी खूणही घातलेली असते.

चित्र काटछाट करण्याचा मोह तरुण मंडळींस फार होतो. पाहुण्यांस दाखविण्याकरिता अर्ध्या तासाची सुबक तबकडी अवश्य करावी, परंतु ती निराळी. मूळ प्रत आरंभापासून शेवटपर्यंत, हलणाऱ्या कॅमेऱ्यासकट व रिकाम्या मांडवासकट, ठेवावी. आज जे कंटाळवाणे वाटते, त्यातच जुना वाडा, अंगणातील विहीर, रस्त्यावरील दुकानाची पाटी अशा गोष्टी असतात. वाडा पाडल्यावर त्यांची किंमत कळते.

तबकडी अमर आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तिच्यातील रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने विटते. ती मोटारीत अगर खिडकीशी ठेवू नये. उभी, डबीत, अंधारात ठेवावी. लिहिणे झाल्यावर ती ‘अंतिम’ करण्याची क्रिया विसरू नये, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर ती लागत नाही. तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. तबकडीसाठी मिळणाऱ्या मऊ लेखणीने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. शिवाय हल्ली विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडी घालण्याची सोयच नसते, म्हणजे व्ही.सी.आर.च्या वाटेने हेही यंत्र चालू लागले आहे. सबब संगणकातील मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, दुसरी प्रत परगावच्या भावंडाकडे द्यावी, आणि दर दोन-तीन वर्षांनी सर्व लावून पाहावे. कॅसेटीही फेकू नयेत. त्या कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या, ध्वनिक्षेपकाच्या लोहचुंबकापासून दूर ठेवाव्या.

एक काम राहिले. ते आमच्या विद्यार्थ्यांनीच करावयाचे आहे. तबकडी तयार झाली की आजी-आजोबांस, आत्या-काकांस जवळ बसवून ती लावावी व हाती वही घ्यावी. तबकडी हवी तेथे थांबविता येते. तासातले कितवे मिनिट, पडद्यावर डावीकडून कोण कोण, त्यांचे नाते काय, गाव कोणते, घर कोणाचे, असे रकाने पाडून लिहीत जावे. पंक्तीत वाढणारी ती हिरव्या लुगड्यातली बाई कोण, हे आज घरात एखादाच सांगू शकतो. वहीच्या पहिल्या पानावर कॅसेटीच्या चिठ्ठीवरील मजकूर जसाच्या तसा उतरावा, चुकलेल्या शुद्धलेखनासह. आणि ती वही तबकडीच्या डबीजवळच ठेवावी.